बत्तीस बोर

दाल बाजाराच्या तोंडाशी भदौरियांचं दुकान.
चपला पायरीवर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.
काचेखाली लाल मखमल, तिच्यावर गोळ्या उभ्या,
काचेवर त्यांच्या नातवाची गृहपाठाची वही.
'बत्तीस बोर है, भाभीजी,' ते म्हणाले,
'आदमी रुकेगा नहीं. पहले नाराज होगा.'

म्हटलं, नाराज माणसांची सवय आहे मला.
मुरारच्या रस्त्यावर अठ्ठावीस वर्षं
पेट्रोलपंपाचा हिशेब ठेवलाय.

रिव्हॉल्वर ह्यांचं. लायसन आता माझ्या नावावर.
फोटोत मी अशी दिसते
की मीच कुणाला तरी धमकावून आलेय.
अर्जात कारण विचारलं होतं. 'आत्मरक्षा' लिहिलं.
दिराचं नाव लिहायला रकाना नव्हता.

भदौरियांनी दोन डब्या उघडल्या.
एक बाहेरची, टोकाला खळगा असलेली.
'अंदर जाकर खिलती है.'
खिलती! जसं काही मोगरा.
'पर इतनी छोटी नली से
कभी खिलती है, कभी नहीं.'
किंमत ऐकून ती माझ्यापुरती तिथंच कोमेजली.

दुसरी आपली साधी, शिशाची, गोल नाकाची.
चष्मा कपाळावर सारून मी बूड पाहिलं:
के एफ.
म्हणजे खडकी.

पुणं सोडून आम्हाला किती पिढ्या झाल्या
हे सांगणारंही आता कुणी नाही.
एक चुलतआत्या दिवाळीला पत्र टाकायची, तेही थांबलं.
आणि ही इथं उभी, पितळेची, खडकीहून आलेली.
त्या दुकानात मराठी कळणाऱ्या
आम्ही दोघीच.

मग व्यवहाराचं विचारलं.
संधिवाताचं मनगट धक्का किती सोसेल?
न्हाणीमागची भिंत एका विटेची,
पलीकडे तोमरांची सून, बाळंतीण.
चुकली तर कुठवर जाईल?
भदौरिया जरा थांबले.
'ये सवाल साहब ने कभी नहीं पूछा.'

ह्यांच्या एकोणीस जुन्याही नेल्या होत्या
बिस्किटांच्या डब्यातून, हिरवट पडलेल्या.
त्यांनी एक बोटांत फिरवून खाली ठेवली.
'धोखा नहीं देंगी. देर कर देंगी.'
अगदी ह्यांच्यासारखं.
मी हसले, आणि मग तिथं, त्या वहीसमोर,
पदर शोधावा लागला.

पंचवीस घेतल्या. खडकीच्याच.
रजिस्टरात मराठी वळणाची सही केली.

रात्री चाक बाहेर काढलं. घरं सहा, भरली पाच.
घोड्याखालचं रिकामं ठेवायचं, ह्यांचीच शिकवण.
उशीखाली नाही ठेवलं. तूरडाळीच्या डब्यामागे.
फोन वाजला. बोललं कुणीच नाही,
पण तो श्वास मी ओळखते,
लग्नात त्यानंच माझा शालू उचलून धरला होता
चिखलातून जाताना.

चौथ्या दिवशी ठाण्याचा शिपाई दारात:
निवडणूक लागली, शस्त्र जमा करा.

पडाव ठाण्यात ही रांग.
खांद्यांवर दुनाळ्या, हातांत पिशव्या, कुणाच्या पिशवीत मेथीसुद्धा.
माझ्यापुढे तिसरा माणूस वळला. दीर.
बारा बोर कापडात गुंडाळलेली, लहान मूल धरावं तशी.
'वहिनी, तुम्ही?'
मी पर्स पोटाशी धरली.
तो पर्सकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
'दादाचं ना ते? गोळ्या कुठल्या भरता?'
'खडकीच्या.'
'मी पण,' तो म्हणाला, आणि क्षणभर
आम्ही एकाच घरातले होतो.

त्याची पावती चारशे अकरा. माझी चारशे चौदा.

आता निकाल लागेपर्यंत घरात
नुसत्या गोळ्या, डाळ,
आणि न्हाणीच्या दाराला नवी कडी.
सुताराला मी दोनदा सांगितलं,
स्क्रू लांब घे.