ठिकाण: कळवा

खोली हेमंत भोईरच्या मामाची. खाली पिठाची गिरणी,
वर आम्ही चौघं आणि अकरा गोधड्या.
गोधड्या भिंतींना खिळ्यांनी ठोकलेल्या.
एकीला मामीच्या जुन्या लुगड्याचा काठ, बरोबर माइकच्या मागे;
रोवीना त्या काठाकडे बघून गाते.
पंखा बंद. खिडकी बंद. श्वाससुद्धा बेतानं.
"थांबा," हेमंत म्हणतो, "पंप बंद होऊ दे."

पंप बंद होतो तेव्हा गिरणी सुरू होते.
गिरणी थांबते तेव्हा समोर कुणाची तरी डाळ शिजायला येते,
तिसरी शिट्टी होईस्तोवर सिद्धोधनची तार उतरते.
रविवारच्या चार तासांत आमची
एक मिनिट चाळीस सेकंदं झाली.
त्यातही एकविसाव्या सेकंदाला कुणीतरी विचारलंय,
"बाळू, दळण झालं का?"
स्वच्छ, सुरात, रोवीनापेक्षा जवळून.

पीठ सगळ्यात बसतं. केबलींत, झांजांवर,
माझ्या बासच्या जाड तारेखाली ज्वारीचा पांढुरका थर.
सोमवारी वागळे इस्टेटला नोंदी करताना
नखांतून वास येतो
आणि मी टेबलाखाली पायानं ठेका धरते.

नावाचं भांडण वेगळंच.
हेमंतला 'खाडी' हवं होतं. सिद्धोधन म्हणाला, वास येतो.
सिद्धोधनचं 'मी वगैरे'.
रोवीना म्हणाली, वगैरे म्हणजे कोण, आम्ही तिघं?
रोवीनाचं इंग्रजी होतं, चांगलं होतं,
चिलीतल्या कुणीतरी आधीच घेतलं होतं.
मी म्हटलं, 'पंप'. कुणी हसलंसुद्धा नाही.
'पारसिक'वर तीन दिवस एकमत टिकलं,
मग आठवलं, त्या नावाची बँक आहे आणि हेमंतचा तिथे हप्ता चालू आहे.
हेमंतची बायको कोथिंबीर निवडत म्हणाली,
"बारशाला आत्या लागते. तुमच्यात आत्याच नाही."

एकदा तर सिद्धोधन अ‍ॅम्प उचलून जिना उतरला.
खाली बाळूनं त्याला अडवलं.
"ते दुसरं गाणं आहे ना, दळताना बरं वाटतं.
ते तरी पुरं करा."
तो परत वर आला, पाठीवर पिठाचा पंजा.

खारीगावातल्या स्पर्धेचा अर्ज मी भरला,
जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा.
बँडचं नाव: नंतर.
ठिकाण: कळवा.
निवेदकानं एका दमात वाचलं,
"आणि आता येत आहेत, नंतर कळवा!"
हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "आत्ताच कळवा की!"
हेमंतनं काठ्या चारदा आपटल्या,
हळदीत वाजवतो त्याच्या दुप्पट जोरात.

नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले, बास जरा जास्त होतं.
टपरीवर एक पोरगा कटिंग हातात घेऊन आला,
"नंतर कळवावाले ना तुम्ही?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
कुणी हो म्हणालं नाही. नाही असंही नाही.
हे दोन शब्द मला पुष्कळांनी ऐकवलेत:
मुलाखती घेणाऱ्यांनी, घरमालकांनी,
पोहे खाऊन गेलेल्या दोन स्थळांनी.
माझ्याकडे बोट दाखवून पहिल्यांदाच कुणी उच्चारले.

गाणं अजून तिथंच आहे, एक मिनिट चाळीसवर.
रात्री हेडफोन लावून मी तो प्रश्न कापून बघते.
कापला की तिथं एक खड्डा पडतो,
रोवीनाचा आवाज त्यात पाय मुरगाळतो.
परत जोडते.
कालच्या भेटीत ठरलं, राहू दे.
मग रोवीना म्हणाली, प्रश्न ठेवायचा तर उत्तरही हवं.
येत्या रविवारी बाळूला वर बोलावलंय.
हात धुऊन, माइकपुढे उभं राहून
त्यानं एवढंच म्हणायचंय, "नाही झालं. नंतर या."
पंप बंद झाला की.