पावांची पिशवी

पोदेर सहाला भोंगा वाजवत येतो,
लुर्दिनच्या फाटकाला पिशवी अडकवतो. चार उंडे.
दहाला मी देवाची फुलं घेऊन परतते
तरी पिशवी तिथेच.
एकदा तर कावळा कागद फाडून आत शिरला होता.

एकतीस वर्षं मी शाळेत हजेरी घेतली.
कुणाचा उशीर मला लांबूनच दिसतो.

हळदोण्याच्या तिठ्यावर मासे घेताना विषय मीच काढला:
आयताराला मिसाला तर मोत्यांचे डूल घालून आली होती,
हसत होती, चौतिशीची, धडधाकट.
मासळीवालीने बांगडे मोजता मोजता मान हलवली.
झाला निकाल.

गुरुवारी तिच्या माडाच्या झावळ्या माझ्या अंगणात पडल्या.
ते सांगायला गेले. साडेनऊ.
पिशवी हातात घेतली, दार वाजवलं.
आतून आवाज, "येतां गो. राव मातशें."
मग कडीचा आवाज. मग काहीच नाही.
पुन्हा कडी.
लोखंड एवढं जड असतं
हे मला ठाऊक नव्हतं.

"बोटां उगडनात, टीचर. दहा वाजले की बरीं.
म्हूण..."
पुढचं तिने सोडून दिलं.
किती जणांना सांगून झालं असेल.

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं:
हळद, मेथी, पेडण्याचा तो वैद्य,
लवकर उठण्याचे फायदे.
सोप्यावर बसले. दगड गार. पाव मांडीवर.
म्हटलं, "सावकाश. मला घाई नाही."
होती खरं तर, नळाला पाणी यायची वेळ.

दाराच्या त्या बाजूने ती विचारत राहिली,
भोंगा हल्ली कोण वाजवतो, बापूस की पोर?
मी म्हटलं, पोर. बेसूर वाजवतो.
ती हसली बहुतेक.

आणि मला सातवी ब मधला कुष्टा गावस आठवला.
त्याचे पाय फक्त सकाळीच दुखायचे.
मी त्याला बाकावर उभं केलं होतं,
प्रार्थनेपासून मधल्या सुट्टीपर्यंत.

दहा वाजून पाच मिनिटांनी कडी निघाली.
कानात तेच मोत्यांचे डूल.
"आयताराचे," ती म्हणाली. "काडूंकच जमनात."

मी ते काढून दिले. फिरकी बारीक,
चष्मा नव्हता, मलाही वेळ लागला.
विचारलं, पिशवी रोज आत आणून देऊ?
"सदांच नाका," ती म्हणाली.
"कांय दीस म्हजे आसतात."

झावळ्यांचं सांगायचं राहूनच गेलं.