गाळलेली जागा

कर्कॉडीच्या वाचनालयात, मागच्या खोलीत,
मंगळवारी सहा ते आठ,
हीटर खोकत असतो आणि मी फळ्यावर लिहिते
एनरोल.
त्याच्याखाली त्याचे भाऊबंद:
जॉइन, रजिस्टर, साइन अप, एनलिस्ट.
म्हणते, घराणं एकच,
फक्त ऊठबस वेगवेगळ्या लोकांत.

कॉलेजात एनरोल. जिममध्ये जॉइन.
डॉक्टरकडे रजिस्टर, हे सगळ्यांना पाठ,
रांगेत उभं राहूनच शिकलेत.
हलिना विचारते, आणि लग्नाला?
तेही रजिस्टरच, मी सांगते.
म्हणजे दुखण्याच्याच खिडकीवर, ती म्हणते,
आणि वर्ग असा हसतो
की दोन मिनिटं कुणाचं व्याकरण चुकत नाही.

मग मी माझी आवडती गोष्ट काढते:
एनरोलच्या पोटात एक गुंडाळी आहे.
पूर्वी कागदाच्या लांब भेंडोळ्यावर नावं लिहायचे,
लिहून झालं की गुंडाळून ठेवायचे.
दरवर्षी सांगते. दरवर्षी कुणीतरी मान डोलावतं.

गाळलेल्या जागा भरा.
वाक्य चौथं:
वयाच्या अठराव्या वर्षी तो सैन्यात ______.

तेस्फालेम एरवी सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवतो.
रात्रपाळीला जायचं असतं, लिनोलियमच्या कारखान्यात,
बाहीला जवसाच्या तेलाचा वास.
आज चौथी ओळ कोरी.
मी वाकून विचारलं, अडलं कुठे?

म्हणाला, मिस, शाळेच्या शेवटच्या वर्षी बस आली.
सगळा वर्ग बसमध्ये.
अकरा वर्षं.
मी नाव दिलं नव्हतं,
नाव त्यांच्याकडे आधीच होतं.
याला यातला कुठला?

मी यादीबाहेरचा शब्द दिला, कॉन्स्क्रिप्ट,
स्पेलिंग सावकाश सांगितलं.
त्याने लिहिलं, बघत राहिला, खोडलं.
फार धुतलेला शब्द आहे, म्हणाला.

चहाच्या सुट्टीत आम्ही बाहेर उभे होतो,
समुद्रावरून येणारं ते आडवं धुकं,
आणि समोर नावांचा दगड, पहिल्या लढाईचा.
तिथे माझ्या आजोबांचा भाऊ आहे.
आर्ची. सोळाचा होता, एकोणीस सांगितले.
आमच्या घरी ही गोष्ट नेहमी
ताठ मानेच्या क्रियापदाने सांगतात:
त्याने नाव दिलं.
टेबलापलीकडच्या हवालदाराने
त्याच्या न फुटलेल्या मिशीकडे पाहिलं असेल ना?
हे मी त्रेपन्न वर्षांत एकदाही विचारलं नाही.

तेस्फालेम बोट न लावता नावं वाचत होता,
स्कॉटिश आडनावांना जिथे तिथे ठेचकाळत.
यातले आपणहून किती, नेलेले किती?
मी म्हटलं, दगडावर क्रियापद नसतं.
हे मी शिक्षिका म्हणून बोलले
की उत्तर टाळायला, मला अजून कळलेलं नाही.
चहा गार झाला होता. त्याने तरी पिऊन टाकला.

जानेवारीत तो फॉर्म घेऊन आला.
मुलीचं, लुवामचं, नाव घालायचं होतं,
प्राथमिक शाळेत, पहिलीत.
जन्मतारीख, पत्ता, काजूची अ‍ॅलर्जी, सगळं भरलेलं.
सहीची जागा तेवढी कोरी.
मी म्हटलं, कर्तरी प्रयोग, तेस्फालेम:
मी माझ्या मुलीला एनरोल करतो.
त्याने वाक्य दोनदा म्हणून पाहिलं,
नवा बूट घालून दुकानातल्या दुकानात
चार पावलं चालतात तसं.

मग विचारलं,
नाव कमी करता येतं? वाटेल तेव्हा?
येतं की. एक फॉर्म असतो.
तो पण द्या.

मी वर जाऊन छापून आणला.
त्याने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला,
चार घड्या घातल्या,
कोटाच्या आतल्या खिशात ठेवला,
खिशाचं बटण लावलं,
आणि मग माझं पेन मागून
सही केली.