पाव फेरा

सारेमा बेटावर, सप्टेंबर संपताना
लेलो शेडच्या गार फरशीवर उताणी.
वर इंजिन, अजून कोमट.
हेरिंग माशांच्या जुन्या डब्यात
काळं तेल आता थेंबावर आलंय.

वडिलांचा हात जड.
बरणीचं झाकण असो, बुटाची नाडी असो,
एंडेल आवळायचे ते दातओठ खाऊन.
सुटायला नको, म्हणायचे.
सुटलं नाहीच. एका हिवाळ्यात
प्लगबरोबर आटेच बाहेर आले,
अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार,
आणि ती बोटाला गुंडाळत
ते बसून राहिले जेवणवेळ टळेपर्यंत.

ती तांब्याचा नवा वॉशर चढवते.
प्लग नुसत्या बोटांनी, आधी उलटा,
आट्यात आटा बसल्याची बारीक टिक येईतो.
मग सुलटा. मग आखूड पाना.
लांब पाना भिंतीवरच, त्यांच्या खिळ्याला.

वॉशर दबतो, मनगटाला कळतं.
पाव फेरा.
अजून थोडा, म्हणतो खांदा.
खांदा वडिलांवर गेलाय.

ती पाना खाली ठेवते.
नवं तेल, एक किक, धूर.
इंजिनाखाली पुठ्ठा सरकवून
कॉफी निवेपर्यंत थांबते.

पुठ्ठा कोरडा.
तरी बोट लावून बघतेच.