ओल्या हातानं

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात
गेटवरच खिसे तपासत.
काड्यापेटी आत न्यायची नाही, हा पहिला नियम.
दरवान त्या पत्र्याच्या डब्यात टाकी,
आणि भोंगा झाला की निम्मे लोक
सायकल काढायच्या घाईत परत मागायला विसरत.
महिनाअखेरीस तो डबा
दादांच्या पिशवीत रिकामा होई.

काड्या आईच्या स्टोव्हला,
खोकी धाकट्याच्या आगगाडीला,
छापं मला.

वाटीभर पाण्यात अर्धा तास,
मग श्वास धरून नखानं एक कोपरा उचलायचा.
शिळ्या पेपरावर वाळवायचं, खळ लावायची,
आणि कारखान्यातून बाद झालेल्या हजेरीच्या वहीत
एकेक ओळ झाकत जायचं.
कुणा शेलाराच्या गैरहजेरीवर वाघ बसला,
कुणाच्या अर्ध्या रजेवर कमळ.
दादा एवढंच म्हणत,
वहीला ओल्या हातानं शिवू नकोस.

पन्नास वर्षं शिवले नाही.
सुक्या हातानंही फारसं नाही, खरं सांगायचं तर.
भवानी पेठेतून बिबवेवाडी, तिथून धायरी,
कुकरच्या खोक्यात ती माझ्यामागे आली,
माळ्यावर चढली, आणि गप्प राहिली.

मग गेल्या मार्चपासून हे मातीचं.
वारज्याला एका मुलीकडे शनिवारी जाते,
माझ्या सुनेहून लहान आहे, मला अहोजाहो करते
आणि माझी कोपरं धरून ती मांडीला टेकवते.
"काकू, जोर हातात नाही, इथे."
घरी विजेचं चाक हवं. जुनं मिळतंय, बावीस हजार.
सारंग म्हणाला, पेन्शनमधून घे की.
पेन्शनमधून घेतलं असतं तर ते घरचं झालं असतं,
मिक्सरसारखं. विचारलं असतं कुणीतरी,
आज वापरलंस का?

बुधवारी जुन्या बाजारात नेली वही.
मुबीन इनामदार भिंगातून पाहत होता,
पानं उलटताना बोटाला थुंकी लावत नव्हता,
तेवढ्यावरच मी त्याला द्यायचं ठरवलं.
हे डबल, हे फाटलेलं, याला बाजार नाही.
हिरव्या वाघाशी मात्र थांबला.
छपाईची चूक, म्हणाला, याचेच अठराशे.
चुकीला एवढी किंमत असते हे
दादांना सांगायला हवं होतं.

शेवटून तिसऱ्या पानावर त्याची भुवई वर गेली.
"कावळा छाप? हा कधी पाहिला नाही.
आणि 'सुरक्षित'ला दुसरी वेलांटी!"
मी चपलेकडे पाहिलं.
दहा वर्षांची असताना, एक जागा रिकामी दिसत होती म्हणून,
दौतीतल्या शाईनं काढलेला.
सुरक्षीत आगपेटी, भवानी पेठ, किंमत दहा पैसे.
"याचे नाही देता येणार, ताई. ठेवता का तुम्ही?"
हात पुढे झालाच होता माझा.
पण तिथं खळीचा पिवळा चौकोन उरला असता,
आणि त्याखालचा कुणीतरी गैरहजर.
राहू दे, म्हटलं, आपल्या लोकांत.

साडेतेवीस. मोजून घेतले. उरलेल्याची माती,
दोन पोती, वॉचमननं लिफ्टपर्यंत आणून दिली
आणि विचारलं, कुंड्या लावणार का?

सहा आठवडे झाले. बसतात. सगळीच बसतात.
एक वाकडं होऊन, एक मध्येच दमून,
एक तर भिंतीवर उडालं, सारंगच्या डिग्रीच्या फ्रेमखाली.
आज पहिल्यांदा एक चार बोटं वर आलं,
पातळ, थरथरतं,
माझ्या दोन अंगठ्यांमध्ये उभं राहिलं,
आणि फोन वाजला.

कोपरानं स्पीकर दाबला.
"ताई, मुबीन. तो तुमचा कावळा एकजण मागतोय,
म्हणतो कुठल्या कारखान्याचा आहे शोधतोय.
काय सांगू? किंमत काय सांगू?"

मनगटापर्यंत चिखल.
चाक फिरतंय.
थांबा, म्हटलं, जरा थांबा,
हात ओले आहेत.