शंभर ग्रॅम माती

शिवलीला बिराजदार साखरेच्या पिशवीतून माती घेऊन आली,
बोरीच्या काठची, अजून ओलसर,
आणि भिजल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले
मक्याचे चार बुडखे.

म्हणाली, वावराच्या मधोमध डबकं पडलंय.
पाण्याचं नव्हे, बुटक्यांचं.
भोवतीचा मका डोक्याच्या वर, तुरे काढून उभा
आणि इथला दुपारी बारालाच मान टाकतो,
पायाशी पाणी असून.
युरिया ओतून झाला, बियाणंवाल्याशी भांडून झालं,
जावेशी अबोला धरून झाला.
नजर तिचीच, असं कोणीतरी म्हणालं होतं.

मी मुळं धुतली.
पांढरी असायला हवी होती, ती तपकिरी,
चिमटीत धरली तर साल निसटून हातात.
नरसाळ्यावर जाळी, जाळीवर कागदी रुमाल,
त्यावर शंभर ग्रॅम माती, खाली पाणी,
रबरी नळीला चिमटा.
"उद्या या. रात्रीतून ते आपणच खाली उतरतात."
"कोण?"
"सूत्रकृमी."

सूत्र म्हणजे धागा.
आमच्या घरी धागा नायनांचा.
साखर पेठेत मागापाशी उभं राहून
इंचात किती, ते भिंगातून मोजण्यात
त्यांनी डोळे घालवले.
मी चौकोन आखलेल्या काचेवर
तेच करते. माझे हलतात, एवढंच.

सकाळी आकडा आला: चारशे बारा.
डोळे नाहीत. तोंडात एक सुई.
मुळाचा माग काढायचा, टोचायचं, रस ओढायचा,
मग भिंत फोडून शेजारच्या खोलीत.
वर मका पानं पसरून ऊन घेत राहतो,
खालून घोटभर पाणी चढत नाही.

ती भिंगावर वाकली. बराच वेळ वाकलेलीच.
"अगं बाई, काचेसारखे आहेत की.
आणि मी जावेला..."
पुढचं वाक्य तिनं तिथंच ठेवलं.

मी लिहून दिलं: त्या तुकड्यात दोन वर्षं मका नको,
झेंडू लावा, निंबोळी पेंड घाला,
कुळव धुतल्याशिवाय दुसऱ्या वावरात नेऊ नका.
तिनं घडी घातली, न वाचता.
"उरलेली माती?"
"टाकून देतो आम्ही."
"द्या इकडं. जिथनं काढली तिथंच टाकते.
आजारी असली म्हणून काय इथं ठेवू?"

अक्कलकोटच्या एसटीत मांडीवर घेऊन बसली असेल,
पिशवीला दोन गाठी मारून.