इतर कपात

नोटीस त्यांच्या नावाची, पत्ता आमचा.
पाकीट मी फोडलं, रबाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर,
पगाराच्या आठवड्यात, डबा उघडायच्या आधी.

'सदर इसमास आपणाकडून देय असलेली रक्कम
यापुढे या कार्यालयास देय राहील.'
सदर इसम म्हणजे हसुराम भोईर,
फोर्कलिफ्ट, जनरल शिफ्ट, टोकन चारशे सतरा,
सोळा वर्षांत एकदाही ज्यांनी उचल मागितली नाही.
खाली बारीक अक्षरांत मला दम:
कापलं नाहीत, तर कसूरदार तुम्ही.

म्हणजे आता आम्ही एकाच कागदावर.
एक देणेकरी,
एक देणेकऱ्याचा देणेकरी.

कायदा काढून वाचला.
वाटला होता तितका वाईट नाही.
पहिले हजार रुपये माणसाला सोडतो
(हे हजार कधी ठरले असतील?
कुणाचा महिना निघायचा त्यात?)
उरलेल्याचे तीन वाटे करून दोन परत देतो.
अठ्ठावीस हजार चारशे,
वजा हजार,
भागिले तीन.
नऊ हजार एकशे तेहेतीस, आणि पुढे ते तीन
स्क्रीनच्या कडेपर्यंत पळत गेले,
थांबेनात.

ते आले हेल्मेट काखेत धरून.
बसा म्हटलं, बसले नाहीत.
विचारलं नव्हतं तरी सांगितलं:
सिडकोनं शेत नेलं तेव्हा सातवीत होते.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हाती आला तोवर बाप गेलेला.
पाच भावंडं, पाच सह्या, थोरल्याच्या खात्यात एक चेक.
सही केली त्या दिवशी वहिनीनं चहात वेलची घातली होती,
ते आठवतं. आकडा आठवत नाही.
आणि टॅक्स?
"थोरला बोलला, सीए बघंल."
सीएचं ऑफिस वाशीला होतं.
तिथं आता दातांचा दवाखाना आहे.

अकरा वर्षांत व्याज वाढत गेलं,
धाकटा पोरगा न बोलता थोरल्यापेक्षा उंच होतो तसं.
सात लाख बारा हजार चारशे साठ.
मी भागाकार करून ठेवला होता,
अठ्ठ्याहत्तर महिने, व्याज इथंच थांबलं तर.
निवृत्तीला एकसष्ट उरलेत.
सांगितलं नाही.
त्यांनीही भांडण आणलं नव्हतं,
एक विनंती आणली होती.

"बाय, स्लिपवर त्या वसुलीच्या जागी
दुसरा कायतरी लिवता येल का?
पोरगी वाचून दाखवते मला दर महिन्याला.
बँकेच्या परीक्षेला बसलीय."

यादी उघडली:
कँटीन. सोसायटी. गणवेश. विमा. आयकर वसुली. इतर.
या 'इतर'मध्ये मी काय काय ठेवलंय इतक्या वर्षांत!
एका सुपरवायझरची पोटगी,
दोन हरवलेली ओळखपत्रं,
रात्रपाळीला कुणीतरी फोडलेली काच,
जी कुणीच फोडली नव्हती.
एक क्लिक.
चलनावर खरं नाव जाईल, सरकारला फरक पडत नाही.
पोरीला पडेल. बँकेच्या परीक्षेला बसलेली पोरगी
'इतर' म्हणजे काय असं विचारणारच,
हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं.

दारात थांबले.
"राहतेस कुठं?"
घणसोली, सेक्टर नऊ.
"नाल्याच्या बाजूचा टॉवर?"
हो म्हणाले, आणि लगेच वाटलं
भाड्यानं राहते हेही सांगावं.
ते हसले. मनापासून,
कुणाच्या तरी घरची खबर लागावी तसे.
"मग पाणी बरा असल.
तिथली विहीर गोड होती."

टॉवरला टँकर येतो, एक दिवसाआड.
तेही मी 'इतर'मध्ये ठेवलं.

सहा वाजता रक्कम पक्की करताना सॉफ्टवेअरनं विचारलं,
वर करायची की खाली.
खाली.
तेहेतीस पैसे, महिन्याचे,
हसुराम भोईर यांच्याकडे राहिले.